कुंदाबाईंची प्रकृती

पाण्यात धरलेल्या ट्यूबमधून बुडबुडे येतात ते एकसारखे येत नाहीत. आधी एक मोठा सुटतो, मग थोडा थांबा, मग तीन-चार बारीक बुडबुडे एकामागून एक. भोक जितके लहान तितका थांबा मोठा. बाभळीच्या काट्याचे भोक असले तर दोन मोठ्या बुडबुड्यांच्या मध्ये सावकाश 'एक, दोन' म्हणून होते. कुंदाने विहिरीजवळच्या गुरांच्या हाळात ट्यूब बुडवून धरली होती. तिने 'एक, दोन' म्हटले, भोकावर अंगठ्याचे नख टेकवले आणि ट्यूब बाहेर काढून फडक्याने कोरडी केली. एरंडोल सोडल्यापासून चार मैलांत हे तिसरे पंक्चर होते. आधीची दोनही तिनेच काढली होती.

रस्त्याच्या कडेला तिचा नवरा चुडामण आपल्या सायकलीपाशी उभा होता. सायकलीच्या हँडलला पत्र्याची पाटी होती: 'जळगाव-सुरत-जळगाव. खानदेश साहस मंडळ.' मंडळाचा संस्थापक, चिटणीस आणि या घटकेला एकमेव पुरुष सभासद तोच होता. पाटीला कालच्या सत्काराचा झेंडूचा हार अजून गुंडाळलेला होता. विहिरीचा मालक सुपडू याला वाचता येत नसल्यामुळे तो हाराकडे बघत होता.

"कथा जाई राह्यनात भाऊ?"

"सुरतेला. एकशे नव्वद मैल. सायकलवर."

सुपडूने थोडा विचार केला. "रेलगाडी बंद पडनी का?"

"गाडी चालू आहे. हे साहस आहे."

"आस्सं. साहस शे." गावात कोणाला काय झाले हे कळल्यावर मान हलवावी तशी सुपडूने मान हलवली. मग रस्त्याकडे हात केला. "आज बठ्ठा वावरले कुंपन करी राह्यनात. सांजलोंग काटाच काटा."

ते खरे होते. नाताळची सुटी म्हणून निवडलेला हाच आठवडा शेतांना बाभळीचे कुंपण घालण्याचा होता. तोडलेल्या काट्यांचे भारे बैलांमागे बांधून रस्त्यावरून ओढत नेत आणि मागे पांढऱ्या काट्यांची रांगोळी राही. एकोणीसशे सत्तावन्न साल संपायला पाच दिवस होते. साहस मंडळाच्या तीन बैठकांत सत्कार, सही-शिक्क्यांची वही, पाटीचा रंग या सगळ्यांची चर्चा झाली होती. काट्यांचा विषय निघाला नव्हता.

"मला काही नाही हो," चुडामण सुपडूला सांगत होता. आवाज खाली आणलेला होता, पण विहिरीपर्यंत पोचेल एवढा. "मी आज एका दमात धुळं गाठलं असतं. बाईंची प्रकृती जरा नाजूक आहे. बघू, धुळ्याला गेल्यावर पुढचं ठरवू."

सुपडूने वळून बाईंकडे पाहिले. बाई टायर चढवून, पदर खोचून पंप मारीत होत्या.

"नाजूक शे?"

"फार."

"मंग पंप तुमी मारा ना भाऊ."

"तिला सवय आहे," चुडामण म्हणाला.

कुंदाने पंपाचा दांडा तेवढ्याच वेगाने आणखी अकरा वेळा दाबला. टायर अंगठ्याने दाबून बघितले. नाजूक हा शब्द आज सकाळपासून तिने दुसऱ्यांदा ऐकला होता, आणि तो कुठे जाऊन थांबणार हे तिला माहीत होते, कारण या रस्त्याने ती याआधी चारदा गेली होती, सायकलीशिवाय.

लग्नाला चार वर्षे झाली होती. चुडामण यावलच्या केळीबागाइतदाराचा धाकटा मुलगा. बागा थोरला भाऊ बघे आणि हा जळगावात लोकल बोर्डाच्या कचेरीत कारकून होता. त्याला नव्या गोष्टी सुरू करण्याची हौस होती. लग्नानंतर चौथ्या महिन्यात त्याने प्रौढांसाठी रात्रशाळा काढली. उद्घाटनाला चांगली गर्दी झाली. सात आठवड्यांनी शाळा बंद पडली तेव्हा तो भेटेल त्याला सांगू लागला, "काय करणार, घरी हिची प्रकृती बरी नसते." त्या सात आठवड्यांत कुंदाला शिंकही आली नव्हती. पुढच्या वर्षी पांढऱ्या विलायती कोंबड्या आल्या आणि गेल्या. मग हिंदीची परीक्षा. मग मधमाश्यांची पेटी. प्रत्येक वेळी कारण तेच, आणि प्रत्येक वेळी आजार थोडा वाढलेला.

शेजारच्या धुरपदाबाई डिंकाचे लाडू पाठवू लागल्या. लाडू चांगले असत. कुंदाने ते खाल्ले आणि तिचे वजन सहा पौंडांनी वाढले. धुरपदाबाईंनी त्याला सूज म्हटले आणि लाडू वाढवले.

ती बोलली का नाही, असे कोणी विचारले असते तर तिला नीट उत्तर देता आले असते. पहिल्या वेळी गोष्ट क्षुल्लक वाटली. दुसऱ्या वेळी नवऱ्याला चारचौघांत खोटे पाडावे लागले असते. तिसऱ्या वेळी लोकांनी विचारले असते, मग आधी का बोलला नाहीत. शिवाय चुडामणला ते खोटे वाटतच नसे. असे काही सांगून तो घरी आला की आल्याआल्या तिच्या कपाळाला हात लावून बघे, आणि कपाळ थंड लागले की त्याला खरेच बरे वाटे.

गेल्या जूनमध्ये मात्र त्या गोष्टीला किंमत आली. मुलींच्या नव्या शाळेला विज्ञान शिकवणारी बाई हवी होती. जळगावात बी.एस्सी. झालेल्या बायका दोनच, त्यातली दुसरी डॉक्टर नवऱ्याबरोबर नागपूरला गेलेली. कुंदाचा अर्ज समितीपुढे आला. बाईंची पात्रता उत्तम, असे सगळे म्हणाले. मग एक सभासद म्हणाला, पण प्रकृती नाजूक असते असे ऐकतो. वर्षाच्या मध्ये वर्ग अडायचा. तेव्हापासून त्या शाळेत ड्रॉइंगमास्तर विज्ञान शिकवतात. ते हृदयाचे चित्र फार सुंदर काढतात, असे मुली सांगत.

येत्या जूनमध्ये नववीचा वर्ग निघणार होता. समितीचे अध्यक्ष रुपचंदशेठ काल सकाळी निरोपाला चौकात आले होते. चुडामणला हार घालून झाल्यावर ते कुंदाकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, सुरत गाठून दाखवा. मग समितीत प्रकृतीचं नाव कोण काढतो ते बघतो. पण सुरत हं. धुळ्याला काय, आमची म्हातारीसुद्धा बैलगाडीनं जाते."

लोक हसले. कुंदाने ते वाक्य जसेच्या तसे लक्षात ठेवले. म्हणून ती आली होती. साहसाचे तिला विशेष काही नव्हते.

काल पहिल्या दिवशी अठरा मैल झाले. एरंडोलला चुडामणने रात्रीचे जेवण उभ्यानेच केले. यजमानांना त्यात साधेपणा दिसला. खरे कारण असे होते की सायकलची सीट नवी होती, चामडे कडक होते आणि त्याला बसता येत नव्हते. सकाळी तो सीटवर बसला, तोंड फिरवले, आणि उतरून म्हणाला, "कुंदा, तुला झोप नीट लागली नाही ना?"

ती नऊ तास झोपली होती.

*

पारोळ्याला ते साडेदहाला पोचले. पाचवे पंक्चर गावाबाहेर झाले, त्यामुळे सत्कार समितीला थोडे थांबावे लागले.

सत्काराची पद्धत सगळीकडे एक होती. चुडामणला हार घालत, टोपी देत, भाषण करीत, आणि त्याच्या वहीत सही-शिक्का देत. हाराचे वजन पाव शेर. गावाबाहेर पडले की तो काढून टाकता येई. कुंदाला बायका आत नेत आणि तिची ओटी भरीत. नारळ, खण, आणि पाच जणींनी ओंजळीने घातलेले गहू. ओटी नको म्हणता येत नाही. ओटीचा नारळ वाटेत कोणाला देता येत नाही, विकता येत नाही, फोडताही येत नाही. तो घरी न्यायचा. कुंदाचा यातल्या कशावर विश्वास होता असे नाही, पण गावाच्या डोळ्यांदेखत रस्त्यावर नारळ टाकणे हे विश्वासाचे प्रकरण नव्हते.

जळगावच्या निरोपाचा एक, पाळधीचा एक, एरंडोलचा एक. पारोळ्याला शाळेत एक मिळाला आणि मुख्याध्यापकांच्या पत्नी शेवंताबाई यांनी घरी नेऊन दुसरा दिला. पाच नारळ म्हणजे सुमारे सात पौंड. गहू सहा पौंडांच्या आसपास. शिवाय वळकटी, पंप आणि पंक्चरचे सामान तिच्याच कॅरियरवर होते, कारण चुडामणच्या सायकलीचा फोटो काढायचा असे.

"जपून गं," शेवंताबाई खण देताना म्हणाल्या. "तुझे यजमान आत्ताच सांगत होते. अशक्तपणा आहे म्हणे."

"नाही. तसं काही नाही."

"सांगू नकोस हो, मला कळतं. मीही कोणाला सांगत नाही." आणि त्यांनी आणखी एक ओंजळ घातली.

बाहेर अंगणात चुडामणचे भाषण शेवटाला आले होते. "...मनुष्याने ध्येय सोडू नये. परंतु सहधर्मिणीच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष करून गाठलेलं ध्येय, याला मी ध्येय म्हणत नाही." टाळ्या झाल्या. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "असा नवरा मिळायला भाग्य लागतं."

पारोळा सोडल्यावर बोलायचे, असे कुंदाने ठरवले. वाक्यही तयार होते. मैलाचा दगड आला, तिने तोंड उघडले, आणि चुडामणच्या पुढच्या चाकातून शीळ वाजली.

तो उतरला. तिने सामान काढले. तो सायकल उलटी करून धरून उभा राहिला आणि तिच्या हातांकडे बघत म्हणाला, "तू हे किती चांगलं करतेस."

तिचे वाक्य तिथेच राहिले. सायकल तिला त्यानेच शिकवली होती. दोन वर्षांपूर्वी, जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या मैदानात, रोज पहाटे, तीन आठवडे. मागून सीट धरून तो धावे. बायकोला सायकल शिकवतो म्हणून कचेरीत लोकांनी त्याला खूप चिडवले, पण त्याने सोडले नाही. त्याने सुरू करून पुरी केलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती पुरी झाली तेव्हा तो मैदानात एकटा उभा राहून टाळ्या वाजवत होता. अशा माणसाला काट्यांनी भरलेल्या रस्त्यावर, उन्हात, काही बोलायला योग्य क्षण सापडत नाही. तिने मुकटीला बोलायचे ठरवले.

मुकटीला सत्कार ठरलेला नव्हता. ते पाणी प्यायला पारावर थांबले आणि बघता बघता बायका जमल्या. सगळ्यांत वयस्कर भागाबाई होत्या. त्या कुंदाच्या समोर बसल्या.

"नवस कसाना शे माय?"

"नवस नाही, आजी. सुरतेला चाललोय."

"सुरतले कोनती देवी शे?"

"देवी नाही."

"मंग कसाले जातस?"

कुंदाला खरे कारण सांगायचे तर शाळा, समिती आणि ड्रॉइंगमास्तर, एवढे सगळे सांगावे लागले असते. ती म्हणाली, "जाऊन परत यायचं."

भागाबाईंनी बाकीच्यांकडे पाहिले. "कितला वरीस व्हयनात लगीनले?"

"चार."

एवढे पुरेसे होते. बायकांमध्ये हलकी कुजबुज झाली. चार वर्षे, मांडीवर मूल नाही, बाई सायकलवर उन्हातान्हात हिंडते आणि विचारले तर सांगत नाही.

"नवसच शे," भागाबाई ठामपणे म्हणाल्या. "नवस सांगाना नही ऱ्हास."

यावर पुराव्याने काही बोलण्यासारखे नव्हते. मुकटीत पाच जणींऐवजी अकरा जणींनी ओटी भरली. सहावा नारळ भागाबाईंनी स्वतः घरातून आणला आणि कुंदाच्या गालांवरून हात फिरवून बोटे मोडली. चुडामण थोड्या अंतरावर कडुनिंबाला टेकून उभा होता. त्याला तीन वेळा बसा म्हटले गेले होते.

*

पाराच्या पलीकडे कापसाची गाडी जुंपलेली होती. गाडीवान निंबा कापूस धुळ्याच्या जिनात घालायला निघाला होता. चुडामण त्याच्याशी बोलून आला. चेहरा खुलला होता.

"सगळं जमवलं," तो म्हणाला. "तू गाडीत बस. तुझी सायकल वर टाकू. तुला झेपत नाही हे मला दिसतंय."

"मला झेपतंय."

"कुंदा, हट्ट करू नकोस. कोणाला कळणार नाही."

"मी सायकलवर येते."

चुडामण गाडीकडे बघत राहिला. कापूस काठोकाठ भरलेला होता, गच्च, पांढरा आणि मऊ. इतक्या तीव्रतेने त्याने कुठल्या ध्येयाकडे पाहिल्याचे कुंदाला आठवत नव्हते.

"मग निदान नारळ तरी गाडीत टाकू," तो म्हणाला. "तुझं ओझं कमी होईल."

"चालेल."

"पण नारळांवर लक्ष ठेवायला कोणीतरी पाहिजे."

निंबा वाद्या आवळत होता. त्याने मान वर केली नाही. "नारय पयी जातस का भाऊ?"

"तसं नाही. ओटीचे आहेत. जबाबदारी असते."

असे ठरले. चुडामणची सायकल पाटीसकट गाडीच्या मागे बांधली गेली आणि चुडामण नारळांच्या जबाबदारीने कापसावर चढला. वर गेल्यावर तो आधी पालथा पडला, आणि थोड्या वेळाने त्याने टाकलेला सुस्कारा बैलांनाही ऐकू गेला असावा, कारण ते चालू लागले.

बैलगाडीचा वेग ताशी अडीच मैल असतो. सायकल इतकी हळू चालवणे फार कठीण. तोल जातो, हँडल सारखे हलते ठेवावे लागते, आणि दुप्पट थकवा येतो. कुंदा पुढे जाई, मैलाच्या दगडाशी थांबे, गाडी आली की पुन्हा निघे. दोनदा तिला पंक्चर काढायला मिळाले तेव्हा विसावा झाला. गाडीच्या चाकांना काटे लागत नव्हते.

समोरून येणारे लोक आधी बाईकडे बघत, मग कापसावर झोपलेल्या, कोट-टोपी घातलेल्या गृहस्थाकडे, आणि मग निंबाकडे.

"कोन शे रे?" एकाने विचारले.

"साहस शे," निंबा म्हणाला. त्याने सकाळपासूनची बातमी ऐकली होती. ती सुपडूच्या विहिरीवरून मोटारीने त्यांच्या आधीच मुकटीला पोचली होती. "बाई सायकलवर, भाऊ कापूसवर. हाई बी देखी लिधं."

फागणे गावाच्या अलीकडे उन्हे तिरपी झाली आणि चुडामण उठून बसला. झोपेने तो ताजातवाना दिसत होता. कोटाला, भुवयांना, कानांना कापूस चिकटला होता. तो खाली वाकून तिच्याशी बोलू लागला, आणि आवाजात खरीखुरी काळजी होती.

"मी विचार केला कुंदा. पुढे साक्रीचा रस्ता याहून वाईट आहे. घाट, जंगल. धुळ्याला संपवू. लोक नावं ठेवणार नाहीत. सगळ्यांना तुझं माहीत आहे."

"माझं काय माहीत आहे?"

"हेच. प्रकृतीचं."

"रुपचंदशेठ काय म्हणाले होते, आठवतं तुम्हाला?"

"ते गमतीनं म्हणाले. आणि नोकरीचं काय एवढं? तुला बरं वाटू लागलं की पुढच्या वर्षी बघू."

ती सायकलवरून उतरली आणि गाडीच्या बाजूने सायकल ढकलत चालू लागली. आता बोलायचे होते. निंबा पुढे बसून ऐकत होता. त्याने बैलांना हाकणेही थांबवले होते. चुडामण कापसाच्या ढिगावरून तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डाव्या भुवईवरचा कापूस वाऱ्याने हलत होता.

निंबासमोर नको, असे तिला वाटले. धुळ्याला, सत्काराच्या आधी, पाच मिनिटे एकांत मिळेल.

फागण्यापाशी चुडामण उतरला, सायकल सोडवली, पाटी पुसली. निंबाने नारळ एक एक मोजून कुंदाच्या कॅरियरवर परत बांधून दिले. "सहा शेत," तो गंभीरपणे म्हणाला. "एक बी पयना नही."

उरलेले सात मैल चुडामण बरेचसे पेडलवर उभा राहून आला. अकरावे पंक्चर तिच्या मागच्या चाकाला झाले, आणि ते काढेपर्यंत एकांताची पाच मिनिटे संपली.

*

धुळ्याला वाचनालयाच्या दिवाणखान्यात तीस-पस्तीस माणसे होती. अध्यक्ष अण्णासाहेब वकील होते. पश्चिम खानदेशच्या वतीने त्यांनी पूर्व खानदेशचे स्वागत केले. हार घालताना त्यांना चुडामणच्या कानामागे कापूस सापडला. तो त्यांनी अत्तराचा बोळा समजून हळूच परत ठेवला.

कुंदा बाजूच्या खुर्चीवर बसली होती. हाताला सोल्यूशनचा वास येत होता आणि नखांत रबराचा काळा भुगा होता. पुढच्या रांगेत एक किडकिडीत गृहस्थ मांडीवर वही ठेवून बसले होते. ते जीवराम, जळगावच्या साप्ताहिकाचे धुळ्याचे वार्ताहर. ते जे लिहितील ते येत्या गुरुवारी रुपचंदशेठच्या गादीवर मोठ्याने वाचले जाणार होते. गादीवर रोज समितीचे निम्मे सभासद बसत.

चुडामण बोलायला उभा राहिला. उभे राहणे त्याला आज सोपे होते. त्याने काट्यांचे वर्णन केले, रस्त्याचे केले, अकरा पंक्चरांचा आकडा सांगितला. "प्रत्येक वेळी वाटलं, इथंच थांबावं. पण थांबलो नाही." टाळ्या झाल्या. मग त्याने आवाज उतरवला.

"सुरत इथून एकशे तेहेतीस मैल आहे. मी उद्या निघू शकतो. परंतु माझ्या पत्नीची प्रकृती..." तो थांबला. त्याने रुमाल काढून डोळे पुसले, आणि रुमाल खरेच ओला झाला. "मला जाहीर करताना दुःख होतं की हा प्रवास आम्ही इथे स्थगित करीत आहोत."

सभागृहात सहानुभूतीचा आवाज झाला. जीवरामांची लेखणी चालू लागली. अण्णासाहेब उठले. "डॉक्टर आहेत का आपल्यात? आहेत. डॉक्टर, जरा बाईंना बघा बरं. ही आपली जबाबदारी आहे."

तिसऱ्या रांगेतले डॉक्टर पुढे आले. त्यांनी कुंदाचे मनगट धरून घड्याळ बघितले. कुंदाने स्वतःही मोजले.

"बहात्तर," डॉक्टर म्हणाले. जीभ बघितली. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "उत्तम आहे. माझ्यापेक्षा उत्तम आहे."

"म्हणजे सध्या धोका नाही," अण्णासाहेबांनी सभेला समजावले. "तरीसुद्धा काळजी घेतलेली बरी."

सगळ्यांनी माना हलवल्या. डॉक्टरही थोडे विचारात पडले आणि त्यांनी मान हलवली.

आभार झाले, पानसुपारी फिरू लागली. बायकांच्या बाजूने दोघी तबक घेऊन उठल्या. तबकात नारळ होता. तेवढ्यात जीवराम वही घेऊन कुंदाच्या खुर्चीपाशी आले. माणूस कामाला चोख होता.

"बाई, बातमी आजच्या टपालात टाकायची आहे. एवढंच अडलंय. प्रकृती बिघडली म्हणून लिहिलंय, पण नक्की काय होतंय ते लिहिलं पाहिजे. वाचक विचारतात. चक्कर लिहू, का ताप?"

"अशक्तपणा लिहा," चुडामण मागून म्हणाला. "जनरल अशक्तपणा."

"जनरल अशक्तपणा," जीवराम पुटपुटले आणि लेखणी झटकली.

कुंदाने चुडामणकडे पाहिले. तो दमला होता. दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर टेकून उभा होता, आणि आता लवकरच घरी जायला मिळेल या विचाराने त्याचा चेहरा निवळला होता. असा चेहरा तिने रात्रशाळेनंतर पाहिला होता, कोंबड्यांनंतर पाहिला होता. तबकवाल्या बायका जवळ येऊन तिने पदर पुढे करायची वाट बघत होत्या. अण्णासाहेब, डॉक्टर, पुढच्या रांगेतली माणसे, सगळे ऐकत होते. योग्य क्षण नव्हता. तो येत नसतो, हे आता अकरा पंक्चरांनंतर तिला पुरते कळले होते.

"थांबा," ती म्हणाली. "ते खोडा."

जीवरामांची लेखणी वहीवर थांबली. शाईचा एक थेंब पडला.

"मग काय लिहू, बाई?"

तिने आवाज चढवला नाही. पण मागच्या भिंतीजवळ उभ्या असलेल्या माणसालाही प्रत्येक शब्द ऐकू गेला.

"लिहा, मला काही झालेलं नाही, आणि गेल्या चार वर्षांत कधीच काही झालेलं नव्हतं. उद्या सकाळी साडेपाचला मी साक्रीच्या रस्त्यानं सुरतेला निघणार आहे. हे येणार आहेत की नाहीत, ते तुम्ही त्यांना विचारा."